'अनकॅनी' : ओळखीचे, तरीही अनोळखी

मित्रांनो, कापडाच्या मोठ्या दुकानात काचेआड साड्या नेसवलेले, सदरे चढवलेले पुतळे तुम्ही पाहिलेच असतील. दिवसा, गर्दीच्या वेळी त्यांच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. पण दुकान बंद होण्याच्या सुमारास, निम्मे दिवे मालवलेले असताना, त्यांपैकी एखाद्याच्या अगदी शेजारून जाऊन पाहा. तो पुतळा आहे हे पक्के ठाऊक असते. तरी मान वळवून पुन्हा एकदा खात्री करून घ्यावीशी वाटते. याला भीती म्हणावे तर तसेही नाही. वाघ समोर आला तर जी वाटेल ती भीती. हे काही निराळेच आहे. अंगावर बारीकसा काटा येतो, मनाला कसेसेच होते आणि नेमके काय खटकले ते मात्र सांगता येत नाही.

इंग्रजी भाषेत या भावनेला एक नेमका शब्द आहे. तो म्हणजे 'अनकॅनी'. इंग्रजी-मराठी कोश उघडला तर त्यापुढे 'गूढ', 'विलक्षण', 'अनैसर्गिक' असे प्रतिशब्द सापडतात. पण विलक्षण तर आपण एखाद्या फलंदाजाच्या खेळीलाही म्हणतो, आणि गणितातले कोडेही गूढ असू शकते. खरे म्हणजे आपला घरगुती 'कसेसेच' हाच शब्द मला त्यातल्या त्यात जवळचा वाटतो. पण कोशात तो कोण छापणार? असो. प्रतिशब्द शोधण्याऐवजी, जास्वंदीचे फूल उकलून पाहावे तसा हा शब्दच उकलून पाहू या. आत जे सापडेल ते तुम्हांला आश्चर्यकारकरीत्या ओळखीचे वाटेल.

शब्दाचे दोन तुकडे

'अनकॅनी'चे दोन भाग सहज पडतात. 'अन' म्हणजे नकार. राहिला 'कॅनी'. हा मूळचा स्कॉटलंडच्या बोलीतला शब्द. शहाणा, धोरणी, चार पैसे जपून वापरणारा, पाऊल टाकण्यापूर्वी विचार करणारा माणूस म्हणजे 'कॅनी' माणूस. इंग्लंडच्या ईशान्य भागात, न्यूकॅसलच्या परिसरात, आजही 'छान, चांगला' अशा अर्थाने तो सर्रास वापरतात. आणि हा 'कॅनी' निघाला आहे तो इंग्रजीच्या अगदी पहिल्या धड्यात भेटणाऱ्या 'कॅन' या क्रियापदापासून. 'आय कॅन स्विम', म्हणजे 'मी पोहू शकतो', यातला हा 'कॅन'.

'शकणे' आणि 'शहाणा असणे' यांचा संबंध काय, असे तुम्ही विचाराल. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत या क्रियापदाचे रूप 'कुन्नन' असे होते आणि त्याचा अर्थ होता 'जाणणे'. ज्याला पोहण्याचे ज्ञान आहे तो पोहू शकतो. तेव्हा जाणण्यापासून शकण्यापर्यंत अर्थ सरकत गेला. यात नवल वाटण्यासारखे काही नाही. आपण 'मला इंग्रजी येते' म्हणतो तेव्हा ज्ञान अभिप्रेत असते आणि 'मला पोहता येते' म्हणतो तेव्हा क्षमता. 'येणे' हे आपले एकच क्रियापद दोन्ही कामे बिनतक्रार करते.

आता 'जाणणे' या अर्थाचा नेहमीचा इंग्रजी शब्द घ्या : 'नो'. त्याच्या स्पेलिंगच्या आरंभी 'के' हे अक्षर लिहायचे आणि उच्चारायचे मात्र नाही, म्हणून आपण सगळेच त्याच्यावर चिडलेलो असतो. पण हा 'के' उगाच येऊन बसलेला नाही. काही शतकांपूर्वी इंग्रज लोक तो स्पष्ट उच्चारत असत. तुम्हीही 'क्नो' असे म्हणून पाहा, आणि त्याच्या शेजारी आपला संस्कृत 'ज्ञा' धातू ठेवा. आपण मराठीत 'ज्ञ'चा उच्चार 'द्न्य' करतो, हिंदी भाषक 'ग्य' करतात. पण लिपी खरे सांगते. ते अक्षर 'ज्' आणि 'ञ्' यांचे जोडाक्षर आहे. इंग्रजीत 'क्न', संस्कृतात 'ज्ञ', ग्रीक आणि लॅटिनमध्ये 'ग्न'. एकाच मूळ धातूची ही भावंडे आहेत. त्याच 'ज्ञा'पासून आपले ज्ञान, विज्ञान, संज्ञा, आज्ञा हे शब्द झाले आणि प्राकृतातून घासून गुळगुळीत होत आपले 'जाणणे' आणि 'जाण' आले.

'हे तर जुळवाजुळवीचे काम झाले,' असे एखादा चिकित्सक विद्यार्थी म्हणेल. शंका रास्त आहे. दोन शब्द सारखे दिसले म्हणून ते नात्याचे ठरत नाहीत. इंग्रजीत वाईट या अर्थी 'बॅड' आहे आणि फारसीतही वाईटाला 'बद' म्हणतात. बदनाम, बदफैली हे आपले शब्द त्यातूनच आले. उच्चार जवळजवळ एक, अर्थ तोच. तरी या दोघांचे काहीही नाते नाही. तो निव्वळ योगायोग आहे.

मग नाते ओळखायचे कसे? एका सुट्या साम्यावरून नव्हे, तर पुन्हा पुन्हा आढळणाऱ्या नियमावरून. संस्कृतात 'जानु' म्हणजे गुडघा. इंग्रजीत 'नी', आणि त्याच्या आरंभीही तोच मुका 'के'. संस्कृतात 'जन', इंग्रजीत नातलग या अर्थी 'किन'. संस्कृतात 'जंभ' म्हणजे दात किंवा दाढ; इंग्रजीत फणीला 'कोम' म्हणतात, आणि फणीला दात असतातच. जिथे संस्कृतात 'ज', तिथे इंग्रजीत 'क', आणि तोही नेमून दिल्यासारखा. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे १७८६ साली केलेल्या व्याख्यानात सर विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच उगमाच्या भाषा असाव्यात असे मत मांडले होते. पुढे १८२२ साली जर्मनीत याकोब ग्रिम यांनी अशा ध्वनिबदलांचे नियम पद्धतशीरपणे मांडले. होय, परीकथा गोळा करणाऱ्या ग्रिम बंधूंपैकी हे थोरले.

नकारार्थी 'अन'ही याच घराण्यातला. आपल्या 'अनंत' आणि 'अनादर'मधला 'अन्', ग्रीकांचा 'अ', लॅटिनचा 'इन' आणि इंग्रजीचा 'अन' हे एकच. आता दोन्ही तुकडे जोडून पाहा. अज्ञानी या अर्थाचा इंग्रजी 'इग्नोरंट' म्हणजे अ + ज्ञा. जीवशास्त्रज्ञ टॉमस हक्सले यांनी १८६९ साली 'ईश्वराविषयी आपल्याला ज्ञान नाही असे मानणारा' या अर्थी घडवलेला 'अग्नॉस्टिक' म्हणजेही अ + ज्ञा. असंस्कृत, रासवट या अर्थाचा 'अनकूथ' हा तर थेट आपल्या 'अज्ञात'चा भाऊ. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ 'अनोळखी' एवढाच होता. आणि आपला 'अनकॅनी' हाही अ + ज्ञा.

गंमत पाहा. याच दोन तुकड्यांपासून मराठीत 'अजाण' हा शब्द झाला. अजाण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे येते ते लहान लेकरू, ज्याला रागावण्याऐवजी जवळ घ्यावे असे. तेच साहित्य, तीच जोडणी; पण स्कॉटलंडच्या थंड हवेत त्यातून अंगावर काटा आणणारा शब्द तयार झाला. असे का व्हावे?

स्कॉटलंडची काळी शतके

स्कॉटिश बोलीत सुइणीला 'कॅनी वाइफ', म्हणजे जाणती बाई, असे म्हणत. जे कॅनी ते भरवशाचे, ज्याच्याशी व्यवहार करायला हरकत नाही असे. उलट जे कॅनी नाही, त्याच्या वाटेला जाऊ नये. सोळाव्या शतकाच्या अखेरीस 'अनकॅनी' हा शब्द लेखनात दिसू लागतो तो 'अपायकारक, दुष्ट' अशा अर्थाने. काळ ध्यानात घ्या. १५६३ साली स्कॉटलंडच्या संसदेने चेटूक हा देहदंडाचा गुन्हा ठरवला. हा कायदा अठराव्या शतकात रद्द होईपर्यंत ३,८००हून अधिक लोकांवर चेटकाचा आरोप आला, असे एडिंबरा विद्यापीठातील संशोधकांनी जुनी कागदपत्रे तपासून नोंदवले आहे. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. गाय आटली, मूल दगावले, वादळात जहाज बुडाले आणि कारण कळले नाही, की एखाद्या शेजारणीकडे बोट दाखवले जाई. 'कळत नाही' यापासून 'धोक्याचे आहे' इथपर्यंतचा प्रवास त्या समाजात फार झटपट होत असे. ही उडी शब्दाच्या अर्थातही उतरलेली दिसते. अठराव्या शतकाच्या अखेरीस 'अनकॅनी'ला भुताखेतांचा वास लागला आणि एकोणिसाव्या शतकात तो सर्वसाधारण इंग्रजीत रुळला.

पण मित्रांनो, इथे एक अडचण आहे. अज्ञात गोष्ट म्हणजेच अनकॅनी, हे खरे नाही. तुम्ही कधीही न पाहिलेले एखादे आफ्रिकी फळ समोर ठेवले तर कुतूहल वाटेल. काटा येणार नाही. या मुद्द्याचा विचार प्रथम नीटपणे केला तो जर्मन भाषेत. एर्न्स्ट येंच या वैद्यांनी १९०६ साली लिहिले, की समोरची वस्तू सजीव की निर्जीव याविषयी मन साशंक झाले, की ही भावना उपजते. मेणाचे पुतळे, चावीची माणसे ही त्यांची उदाहरणे. सिग्मंड फ्रॉइड यांनी १९१९ साली याच विषयावर दीर्घ निबंध लिहिला. जर्मन शब्द 'उनहाइमलिश'. त्यातल्या 'हाइम'चा अर्थ घर. म्हणजे आपल्या भाषेत सांगायचे तर घरचे असून परके झालेले. इंग्रजीत त्याला 'अनकॅनी' हाच शब्द योजला गेला, आणि तेव्हापासून तो विद्वानांच्या लेखनात आला.

फ्रॉइड यांनी तळटीपेत स्वतःचा एक अनुभव दिला आहे. त्यांच्या निबंधातल्या काही उपपत्ती आज फारशा कोणी मानत नाही, पण ही टीप मोलाची आहे. आगगाडीच्या डब्यात ते एकटेच होते. हिसका बसून बाजूच्या प्रसाधनगृहाचे दार उघडले आणि टोपी घातलेले एक वयस्क गृहस्थ आत आले. 'आपण चुकून माझ्या डब्यात आलात' असे सांगायला फ्रॉइड उठले, आणि त्यांच्या ध्यानात आले की दाराच्या आरशातले ते त्यांचेच प्रतिबिंब आहे. तो म्हातारा त्यांना मुळीच आवडला नव्हता! स्वतःच्या चेहऱ्याइतके ओळखीचे दुसरे काय असते? म्हणजे प्रश्न पूर्ण अनोळखीचा नाही. अर्धवट ओळखीचा आहे.

प्राध्यापक मोरी यांची दरी

हाच विचार आलेखाच्या रूपाने मांडला तो एका अभियंत्याने. टोकियो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील प्राध्यापक मासाहिरो मोरी यांनी १९७० साली 'एनर्जी' या जपानी नियतकालिकात एक छोटा लेख लिहिला. तुम्हीही वहीत आकृती काढा. आडव्या अक्षावर 'वस्तू माणसासारखी किती दिसते' ते मांडा आणि उभ्या अक्षावर 'तिच्याविषयी आपलेपणा किती वाटतो' ते. कारखान्यातला यंत्राचा लोखंडी हात डावीकडे तळाशी येईल. त्याच्याविषयी आपल्याला काहीच वाटत नाही. डोळे, हात, पाय असलेला खेळण्यातला यंत्रमानव जरा उजवीकडे आणि बराच वर. मुलांना तो आवडतो. रेषा अशीच चढत जाईल असे वाटते. पण साम्य जवळजवळ पूर्ण होत आले, की रेषा एकदम कोसळते, शून्याच्याही खाली जाते आणि खऱ्या माणसापाशी पुन्हा वर येते. मधल्या या खड्ड्याला मोरींनी जपानीत 'बुकिमी नो तानी' म्हटले. 'तानी' म्हणजे दरी. यास्या राइकार्ट यांच्या १९७८ सालच्या यंत्रमानवांवरील पुस्तकातून 'अनकॅनी व्हॅली' हे त्याचे इंग्रजी नाव रूढ झाले.

मोरींचे सर्वांत बोलके उदाहरण कृत्रिम हाताचे आहे. हात उत्तम बनवलेला. शिरा, नखे, बोटांचे ठसेसुद्धा आहेत. पाहणाऱ्याला तो खराच वाटतो. मग हस्तांदोलन करताना थंडगार, हाडे नसल्यासारखा स्पर्श होतो आणि माणूस दचकतो. जो हात लावून हिंडतो त्याच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नाही. लोकांनी दचकू नये म्हणून तर त्याने हुबेहूब हात घेतलेला असतो! हालचालीने दरी आणखी खोल होते, हेही मोरींनी सांगितले. १९७० च्या ओसाका येथील जागतिक प्रदर्शनातल्या एका यंत्रमानवाच्या चेहऱ्यात हसण्यासाठी कृत्रिम स्नायूंच्या २९ जोड्या होत्या. पण हसू उमटण्याचा वेग निम्मा केला, की तो चेहरा आनंदी दिसण्याऐवजी भेसूर दिसे.

मग उपाय काय? मोरी म्हणतात, दरीच्या पैलतीराकडे धावू नका. अलीकडच्या शिखरावर थांबा. चष्मा डोळ्यांसारखा दिसत नाही, तरी चेहऱ्याला शोभतो. बुद्धमूर्ती कोरणाऱ्या कारागिराने घडवलेला लाकडी हात त्यांनी नमुना म्हणून सांगितला आहे. सांधे वळणारे, रंग लाकडाचाच, ठसे नाहीत, पण गोलाई सुंदर. त्याला पाहून कोणी दचकत नाही. मला स्वतःला त्या लेखातला हा भाग आलेखापेक्षाही महत्त्वाचा वाटतो.

मोरींनी प्रयोग केलेला नव्हता. तो एक तर्क होता. पुढे प्रयोग झाले. २००९ साली अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठात पाच माकडांना माकडांचेच चेहरे दाखवले : खरे, संगणकाने ओबडधोबड काढलेले आणि संगणकाने जवळजवळ हुबेहूब काढलेले. माकडांनी सर्वांत कमी वेळ पाहिले ते हुबेहूब चेहऱ्यांकडे. म्हणजे ही दरी केवळ भूतकथा ऐकल्याने तयार झालेली नसावी. कॅलिफोर्नियात आयशे पिनार सायगिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २० जणांच्या मेंदूचे चुंबकीय आलेखन केले. त्यांना एक खरी स्त्री, माणसासारखी दिसणारी यंत्रस्त्री आणि कातडी काढलेले तेच यंत्र हालचाल करताना दाखवले. वेगळा प्रतिसाद उठून दिसला तो यंत्रस्त्रीच्या वेळी, कारण रूप माणसाचे आणि हालचाल यंत्राची. २०११ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मेंदू पुढे काय घडणार याचा सतत अंदाज बांधत असतो. अंदाज आणि दृश्य यांचा मेळ बसेना, की गडबड उडते, असे त्यांचे स्पष्टीकरण. सर्वच प्रयोगांत ही दरी सापडलेली नाही आणि तिच्या कारणांविषयी वाद चालू आहे, हेही सांगायला हवे.

'ओळखणे' ही क्रिया एकसंध नाही, हे मात्र वैद्यकाने चांगले दाखवून दिले आहे. मेंदूला इजा झालेल्या काही रुग्णांना चेहरे ओळखताच येत नाहीत, अगदी घरच्यांचेसुद्धा. तरी परिचित चेहरा दिसल्यावर त्यांच्या तळहातांच्या घामात सूक्ष्म फरक पडतो आणि तो विजेच्या साहाय्याने मोजता येतो. मन म्हणते 'ओळखत नाही', शरीर म्हणते 'ओळखतो'! याच्या बरोबर उलटा विकार फ्रेंच वैद्य जोसेफ कापग्रा आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९२३ साली नोंदवला. रुग्णाला आपल्या माणसाचा चेहरा बिनचूक ओळखू येतो, पण तो ठामपणे म्हणतो, 'हा माझा भाऊ नव्हे; त्याच्यासारखा दिसणारा तोतया आहे.' १९९७ साली अशा रुग्णांची तपासणी केली तेव्हा परिचित चेहऱ्यांना त्यांच्या त्वचेचा नेहमीचा प्रतिसाद मिळेना. डोळ्यांची ओळख शाबूत, आपलेपणाची गेलेली. पूर्वी अशा माणसाला बाहेरची बाधा झाली असे म्हटले गेले असते. त्याला गरज असते ती वैद्याची.

आणि ही धोक्याची घंटा नेहमी वाजतेच असे नाही. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३१५ जणांना खऱ्या माणसांची आणि संगणकाने निर्माण केलेल्या, जगात अस्तित्वातच नसलेल्या माणसांची छायाचित्रे दाखवली. बरोबर उत्तरांचे प्रमाण सुमारे ४८ टक्के आले, म्हणजे नाणे उडवून सांगितले असते तरी चालले असते. इतकेच नव्हे, तर खोटे चेहरे लोकांना किंचित अधिक विश्वासार्ह वाटले. निदान स्थिर चित्रांपुरती तरी संगणकाने मोरींची दरी ओलांडली आहे.

आता एक प्रयोग. इंग्लंडमधील यॉर्क विद्यापीठाच्या पीटर टॉमसन यांनी तो १९८० साली मांडला. वर्तमानपत्रातला एखादा हसरा, समोरून घेतलेला मोठा चेहरा निवडा. दोन्ही डोळे आणि तोंड यांचे आयत काळजीपूर्वक कापून काढा, प्रत्येक आयत जागच्या जागी उलटा, म्हणजे वरची कड खाली येईल असा, चिकटवा. मग सबंध चित्र उलटे धरून मित्रांना दाखवा. हनुवटी वर आणि केस खाली असताना कोणाला विशेष काही खटकणार नाही, कारण उलटा चेहरा आपण तुकड्यातुकड्यांनी पाहतो. आता चित्र हळूहळू फिरवत सुलटे करा. वाटेत कुठेतरी तो चेहरा एकदम भेसूर होईल आणि पाहणारा 'ईऽ' म्हणून मागे सरकेल. नेमक्या कोणत्या कोनाला असे होते ते कोनमापकाने मोजा. वर्गातल्या दहा-बारा जणांची मोजमापे घ्या आणि ती कितपत जुळतात ते वहीत टिपून ठेवा.